पॅजेटचं सलाइन लावण्याआधी दात आणि व्हिटॅमिन डी बघून घ्या

ताई, तुमचा प्रश्न वाचला, सासऱ्यांना हाडांचा पॅजेट (हाड वेडंवाकडं झिजून-भरून कमजोर होण्याचा आजार) निघालाय, एएलपी (रक्तातला आकडा, हाडांची ही उलाढाल वाढली की वर जातो) ७२० आहे, डॉक्टर झोलेड्रॉनिकचं, म्हणजे ती उलाढाल थांबवणाऱ्या औषधाचं, सलाइन सांगतायत आणि सासूबाई हाडं ठिसूळ म्हणून आठवड्याला अलेंड्रोनेट ७० ची गोळी घेतात तीच यांना चालेल का. नाही चालणार हो. औषध तेच, पण पॅजेटला ते रोज ४० मिलिग्रॅम, सलग सहा महिने असतं, तेही उपाशीपोटी नुसत्या पाण्याबरोबर, पुढचा अर्धा तास आडवं व्हायचं नाही आणि चहापण नाही. आमच्या बाबांनाही पॅजेटच, त्यांना सकाळी बिनचहाचं बसवून ठेवणं आईच्याने झालंच नसतं, म्हणून आम्ही सलाइन घेतलं. ५ मिलिग्रॅम, एकदाच, वीसेक मिनिटांत संपलं.

खरी कटकट त्याच्या आधीची. डी कमी असताना हे दिलं तर रक्तातलं कॅल्शियम धाडकन खाली येतं, बाबांचं डी ११ होतं, मग आधी दीड महिना ते भरून काढलं. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी, तीही बघतात, किडनी फार कमजोर असेल तर देत नाहीत. आणि दात! काढायचा असेल तर आधीच काढून जखम भरू द्या, नंतर काढला तर जबड्याचं हाड न भरण्याचा धोका असतो, कमी असतो पण असतो. मेडिकलमधून आणताना ५ चीच बाटली बघा, ४ ची असते ती कॅन्सरच्या पेशंटला देतात.

दुसऱ्या रात्री बाबांना १०१ ताप, अंग असं ठणकलं की आई म्हणाली कशाला लावलं हे, पण पॅरासिटामॉलवर दोन दिवसांत गेलं. चार महिन्यांनी एएलपी नॉर्मल. डावी नडगी हाताला उजवीपेक्षा गरम लागायची ते थांबलं, रात्रीची ठसठस गेली, वाकलेली नडगी मात्र वाकलेलीच आहे, ती सरळ होत नाही.

नंतर एएलपीचा आकडा थोडा वर गेला की लगेच परत सलाइन असं करू नका, ब्रिटनमध्ये प्रिझम नावाची मोठी चाचणी झाली, त्यात दुखेल तेव्हा औषध देण्यापेक्षा आकडा सतत खाली ठेवण्याचा जास्त फायदा दिसला नाही. आपल्याकडे हा आजार इतका कमी की बाबांना आधी एका ठिकाणी प्रोस्टेटचा कॅन्सर हाडांत पसरलाय सांगितलं होतं, पीएसए (प्रोस्टेटची रक्ततपासणी) नॉर्मल आलं तेव्हा जीव भांड्यात पडला.

सासऱ्यांचं डी किती आलंय? आणि दुखतंय नक्की कुठे, बोन स्कॅन झालाय का?