काळे रान, मुरूम आणि टायर : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

सोलापूर जिल्ह्यातून आलेल्या पत्रांत एकच प्रश्न वेगवेगळ्या रूपांत विचारला आहे : ऑल-टेरेन (डांबरी आणि कच्च्या, दोन्ही रस्त्यांसाठीचे) टायर घ्यावेत की मड (खास चिखलासाठीचे) टायर? त्यांतील पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : मोहोळ तालुक्यात आमची वस्ती पांदण रस्त्याने दोन किलोमीटर आत आहे. सप्टेंबरच्या पावसात बोलेरो हमखास रुतते. मागच्या दोन चाकांना मड टायर बसवले तर काम भागेल का?

उत्तर : दोनच चाकांना बसवू नका. बोलेरोची ओढ मागच्या चाकांना असल्यामुळे हा विचार सुचणे स्वाभाविक आहे. पण मागची चाके गाडी पुढे रेटत असताना पुढची गुळगुळीत चाके वळणावर सरळच घसरत जातात आणि पावसात डांबरी रस्त्यावर पुढची-मागची पकड वेगवेगळी राहते, ते वेगळेच. बदलायचे तर चारही टायर बदलावेत.

आता मुख्य मुद्दा मातीचा. आपली काळी माती मॉन्टमोरिलोनाइट नावाच्या चिकणखनिजामुळे पाणी शोषून फुगते आणि चिकटते. ती ओल धरून ठेवते म्हणून आपल्याकडे रब्बीची ज्वारी पिकते आणि त्याच गुणामुळे ती चाकाला लपेटून बसते. ऑल-टेरेन टायरचे ठोकळे एकमेकांच्या जवळ असल्याने त्यांमधील खाचा या मातीने लगेच बुजतात आणि टायर गुळगुळीत झाल्यासारखा फिरत राहतो. मड टायरच्या खाचा रुंद आणि खोल असतात. चाक वेगाने फिरले की त्यांतील चिखल बाहेर फेकला जातो. मात्र हा वेगच काळ्या रानात घात करतो. वीतभर चिखलाखाली मुरूम लागत असेल तर मड टायरचे दात त्यावर टेकतात आणि गाडी निघते. माती पुरुषभर खोल असेल तर तेच दात खाली खणत जातात. मंगळवेढ्याच्या बाजूला नवे कोरे मड टायर घातलेली माझी स्वतःची जीप मी अशीच आसापर्यंत पुरली होती आणि ती शेवटी ट्रॅक्टरनेच ओढून काढली. त्या ट्रॅक्टरच्या टायरचे तिरपे, उंच दात जवळून पाहिले, तेव्हा खऱ्या चिखलाचा टायर कसा असतो ते कळले.

म्हणून आधी पहार घेऊन गाडी रुतते तिथे खोली पाहा. मुरूम जवळ लागला आणि पावसाळ्यात रोजची ये-जा असली तर मड टायर घ्या. एरवी चारही ऑल-टेरेन बसवून उरलेल्या पैशांत त्या पट्ट्यावर मुरमाच्या दोन-चार ट्रॉल्या टाकलेल्या अधिक उपयोगी पडतील.

प्रश्न : थार आहे. दर आठवड्याला कामासाठी पुण्याला जावे लागते. महिन्यातून एखादा रविवार माळरानात जातो. मित्र म्हणतात, मड टायरशिवाय थारला शोभा नाही.

उत्तर : शोभेबद्दल मी काही बोलत नाही. तुमचे बहुतेक सर्व किलोमीटर महामार्गावरचे आहेत, तेव्हा ऑल-टेरेनच घ्या. मड टायरचे कमी रबर रस्त्याला टेकते. त्यामुळे ओल्या रस्त्यावर ब्रेक लावल्यानंतर गाडी थांबायला जास्त अंतर लागते, घरघर सतत कानात बसते आणि इंधनही अधिक जाते. टायरवरचे कमाल वेगाचे अक्षरही वाचावे : ‘क्यू’ म्हणजे ताशी 160 किलोमीटर आणि ‘एस’ म्हणजे 180, बऱ्याच मड टायरवर ‘क्यू’ असतो. त्याच्या शेजारचा आकडा वजनाचा असतो. उदाहरणार्थ, 100 म्हणजे एका टायरवर 800 किलो. कंपनीने दिलेल्यापेक्षा कमी आकड्याचा टायर घेऊ नये. टायरवर ‘एम प्लस एस’ (मड आणि स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ) असे छापलेले दिसले म्हणून तो मड टायर ठरत नाही, हेही दुकानात लक्षात ठेवा.

सोलापूरच्या उन्हाळ्यात खरा धोका कमी हवेचा असतो. कमी हवेचा टायर फिरताना जास्त दबतो, दबण्याने तापतो आणि तापलेल्या रस्त्यावर फुटतो. हवा सकाळी, गाडी चालवण्यापूर्वी तपासावी. तापमान साधारण साडेपाच अंशांनी वाढले की दाब सुमारे एक पीएसआयने (टायरमधील हवेचा दाब मोजण्याचे एकक) वाढतो. तेव्हा दुपारी वाटेत दाब जास्त दिसला म्हणून हवा सोडू नये.

प्रश्न : सांगोल्याला डाळिंबाची बाग आहे. बांधावरच्या वेड्या बाभळीच्या काट्यांनी आठवड्याला पंक्चर होते. कोणता टायर टिकेल?

उत्तर : येथे टायरच्या नक्षीपेक्षा त्याची बाजू महत्त्वाची आहे. रस्त्याला टेकणाऱ्या भागातले पंक्चर काढता येते. बाजूला काटा किंवा दगड शिरला तर टायर बहुधा टाकूनच द्यावा लागतो. म्हणून बाजूला तीन पदर असलेला टायर मागावा. तसे टायर ऑल-टेरेनमध्येही मिळतात. मऊ वाळूत हवा 20 पीएसआयपर्यंत उतरवण्याचा सल्ला योग्यच आहे, कारण त्याने टायरचा टेका लांबतो. पण काटेरी बांधावर तसे केले तर टायरची बाजू फुगून बाहेर येते आणि काट्याला आयतीच सापडते. बागेत जाताना हवा पूर्ण ठेवा.

प्रश्न : बोलेरोला 215/75 आर15 ऐवजी 235/75 आर15 बसवले तर गाडी किती उंच होईल?

उत्तर : या आकड्यांत पहिला टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा बाजूची उंची रुंदीच्या टक्क्यांत आणि शेवटचा रिमचा व्यास इंचांत सांगतो. त्यावरून मूळ टायरचा व्यास सुमारे 703 मिलिमीटर येतो आणि नव्याचा सुमारे 733. आस व्यासाच्या अर्ध्यावर असल्यामुळे गाडी फक्त 15 मिलिमीटर वर येईल. त्यासाठी चाक जड होईल, स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर मडगार्डला घासतो का ते पाहावे लागेल आणि वेगाचा काटा ताशी 80 दाखवेल तेव्हा गाडी प्रत्यक्षात 83च्या पुढे धावत असेल. शिवाय मोटार वाहन कायदा, 1988च्या कलम 52नुसार उत्पादकाने ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत. बोटभर उंचीसाठी हा खटाटोप मला पटत नाही.

प्रश्न : दुकानदार जुन्या साठ्यातले टायर स्वस्तात देतो. घ्यावेत का?

उत्तर : टायरच्या बाजूला ‘डीओटी’ या अक्षरांच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. 2223 म्हणजे 2023 सालचा बाविसावा आठवडा. आपल्याकडच्या उन्हात पत्र्याखाली दोन उन्हाळे काढलेले रबर मी सवलतीतही घेणार नाही. हेच आकडे आपल्या स्टेपनीवरही एकदा वाचा. ती बहुधा गाडीइतकीच जुनी निघते.