झोन बदलला म्हणून भराव टाकता येतो का?

ताई, तुमची अडचण मला कळली ती अशी, गोव्यात बार्देस तालुक्यात तुमच्या वायंगण (उन्हाळी भाताच्या) शेताला लागलेला प्लॉट रिजनल प्लॅन २०२१ मध्ये, म्हणजे कुठली जमीन कशासाठी वापरायची ते ठरवणाऱ्या राज्याच्या आराखड्यात, भातशेतीच्या झोनमध्ये होता, टीसीपीने (नगर नियोजन खात्याने) तो सेटलमेंट, म्हणजे वस्तीचा झोन केला, आता रात्री टिपर माती ओततायत, तुमची पाण्याची वाट बुजली आणि पंचायत म्हणते झोनच बदललाय, आम्ही काय करणार. वेटलँड कायद्याने हे थांबेल का, असं तुम्ही विचारलंय.

त्या वाटेने जाऊ नका. केंद्राच्या २०१७ च्या वेटलँड नियमांनी व्याख्येतूनच भातशेती वगळलीय, मग उन्हाळ्यातही पाणी असो. आपल्या शेतांना खरा आधार होता तो प्लॅनमधल्या झोनचा आणि तोच विधानसभेने पातळ केला. २०२३ मध्ये टीसीपी कायद्यात कलम १७(२) आणलं, प्लॅनमधली नजरचूक दुरुस्त करायच्या नावाखाली, लोकांना विचारायची सोयच नाही, मग २०२४ मध्ये ३९ए, म्हणजे मालकाने अर्ज करायचा, ३० दिवस सूचना मागवायच्या आणि झोन बदलायचा. मला हे फार चुकीचं वाटतं, एकाच्या शेतात भराव पडला की पावसात पाणी दुसऱ्याच्या घरात शिरतं आणि त्या दुसऱ्याला कोणी विचारत नाही.

पण झोन बदलला म्हणजे भरावाची परवानगी मिळाली असं होत नाही. त्याच टीसीपी कायद्याच्या १७ए कलमाप्रमाणे सखल जमीन भरायला चीफ टाऊन प्लॅनरची लेखी परवानगी आधी लागते, वर शेतजमीन बिगरशेती करायची कलेक्टरची सनद वेगळी. तेव्हा आधी हेच धरा, टीसीपी, मामलेदार आणि डेप्युटी कलेक्टर तिघांना लेखी तक्रार द्या, सर्व्हे नंबर, तारखेचे फोटो, टिपरचे नंबर सगळं जोडा, पोचपावती घेतल्याशिवाय निघू नका आणि हे पावसाच्या आत करा.

सोबत आरटीआय टाकून झोन बदलाची पूर्ण फाईल मागा. ऑर्डर १७(२) खालची असेल तर तुमची बाजू बरीच भक्कम आहे, कारण १३ मार्च २०२५ ला गोव्यातल्या हायकोर्टाने त्याचे नियम रद्द केले आणि कलम फक्त खऱ्याखुऱ्या चुकांपुरतं आवळलं. फाईलमध्ये नुसता मालकाचा अर्ज असेल, चूक नेमकी काय ते कुठेच नसेल, तर याचिकेत तोच मुद्दा. मात्र तुमच्या शेजारची ऑर्डर आपोआप गेली असं धरून बसू नका, तिला वेगळं आव्हान द्या. ३९ए असेल तर ते ३० दिवस खरंच दिले का, आलेल्या हरकतींचं काय केलं, ते बघा.

आणखी एक, जे लोक हमखास विसरतात. त्या प्लॉटचा एक-चौदाचा उतारा (गोव्यातला सातबारा) आणि जुनी म्युटेशन, म्हणजे फेरफार नोंदी, काढा. जमीन कूळ कायद्याने कुळाच्या नावावर झालेली असेल तर १९९१ च्या लँड युज कायद्याने ती शेतीशिवाय वापरताच येत नाही, झोन काहीही असो.

एनजीटीकडे (राष्ट्रीय हरित लवादाकडे) टीसीपी कायद्याचा वाद चालत नाही, त्यामुळे झोनसाठी पर्वरीला हायकोर्टातच जावं लागेल. एकट्या जाऊ नका, ज्यांच्या शेतात पाणी तुंबतंय त्या सगळ्यांना अर्जदार करा.