दुधाचे आकडे वाचताना

अनेक आशीर्वाद.

तुझं टिपण वाचलं. प्रमुख निर्यातदारांचं महिनावार दूध एका तक्त्यात आणून वाढ-घटीची टक्केवारी काढलीस, मेहनत दिसते. पण फेब्रुवारी 2025 समोर लाल रंगात जी घट दाखवली आहेस, ती आधी काढून टाक. 2024 चा फेब्रुवारी 29 दिवसांचा होता. गाईंनी रोज तेवढंच दूध दिलं असतं तरी महिन्याची बेरीज जवळपास साडेतीन टक्क्यांनी कमीच भरली असती. आधी महिन्याच्या आकड्याला दिवसांनी भागायचं, तुलना त्यानंतर.

न्यूझीलंडसाठी तेवढंही पुरत नाही. तिथल्या गाई कुरणावर जगतात, त्यामुळे बहुतेक सगळ्या हिवाळा सरत असताना, जुलै-ऑगस्टमध्ये, एकदमच वितात. ऑक्टोबरमध्ये दूध शिगेला पोचतं आणि जूनमध्ये बहुतेक गाई भाकड असतात. म्हणूनच तिथला हंगाम 1 जून ते 31 मे असा मोजतात. जूनमध्ये दूध 10 टक्क्यांनी वाढलं तरी भर किरकोळच. ऑक्टोबरमधली एका टक्क्याची घट मात्र भुकटीचा बाजार हलवू शकते, कारण या देशाचं सुमारे 95 टक्के दूध कोणत्या ना कोणत्या रूपात परदेशी जातं. आयर्लंडमध्येही असंच चक्र आहे, फक्त तिथला भर मे महिन्यात येतो.

दुसरं, तू सगळं लिटरमध्ये मोजतेस. परदेशी जातं ते लोणी, चीज आणि भुकटी, म्हणजे दुधातले घनपदार्थ. न्यूझीलंडचा शेतकरी पैसेही फॅट आणि प्रथिनांच्या किलोवरच घेतो. अमेरिकेचं दूध 2022 ते 2024 या काळात जवळपास जागच्या जागी राहिलं. पण दीड दशकात तिथलं सरासरी फॅट 3.7 टक्क्यांच्या आतून 4.2 च्या वर गेलं आहे. तेवढ्याच दुधातून जास्त लोणी निघतं. तुझ्या तक्त्यात ही वाढ कुठेच दिसत नाही, आणि त्या काळातली तिथली खरी वाढ तीच आहे.

आता कालवडी. या भागावर तू एक ओळही लिहिलेली नाहीस, म्हणून जरा सविस्तर लिहितो. आज रेतन केलं की नऊ महिन्यांनी वासरू जन्मतं आणि ते वासरू आणखी दोनेक वर्षांनी पहिलारू, म्हणजे पहिल्यांदाच व्यायलेली, गाय म्हणून गोठ्यात उभं राहतं. म्हणजे या वर्षीच्या पहिलारू गाई किती, हे जवळपास तीन वर्षांपूर्वी ठरलेलं असतं. अमेरिकेत गोमांसाचे भाव चढले तेव्हा अनेक दूध उत्पादकांनी दुधाळ गाईंना मांसाच्या जातीचं वीर्य भरायला सुरुवात केली. वासरांचे पैसे चांगले आले, पण गोठ्यात येणाऱ्या कालवडी आटल्या. 2025 च्या सुरुवातीला त्यांची संख्या सुमारे 39 लाख होती, 1978 नंतरची सर्वांत कमी. तरीही त्या वर्षी तिथल्या दुभत्या गाई वाढल्या! कारण शेतकऱ्यांनी म्हाताऱ्या गाई कत्तलीला पाठवणं कमी केलं. हा उपाय फार काळ चालत नाही, गाय कधी ना कधी थकतेच. म्हणून कळपाची संख्या, कत्तलीला गेलेल्या गाई आणि कालवडी हे तीन आकडे शेजारी शेजारी ठेवल्याशिवाय पुढच्या वर्षाचा अंदाज लिहू नकोस.

धोरणालाही असाच उशीर असतो. युरोपातला दूध कोटा, म्हणजे किती दूध काढायचं यावरची मर्यादा, 1984 मध्ये आला आणि 31 मार्च 2015 ला संपला. तारीख कितीतरी आधी जाहीर होती, त्यामुळे आयर्लंडच्या शेतकऱ्यांनी कालवडी वाढवून ठेवल्या होत्या. दूध मोकळं सुटलं तेव्हा युरोपच्या दुग्धपदार्थांवर रशियाची ऑगस्ट 2014 पासूनची आयातबंदी चालू होती आणि चीनची खरेदीही मंदावली होती. भाव कोसळले. सरकारी गोदामांत साडेतीन लाख टनांहून जास्त भुकटी साचली आणि ती निघायला 2019 उजाडलं. नेदरलँड्समध्ये वाढ वेगळ्याच भिंतीवर आदळली: शेणातल्या फॉस्फेटची मर्यादा ओलांडली गेली, 2017 मध्ये गाई कमी कराव्या लागल्या आणि 2018 पासून फॉस्फेटचे हक्क आले, म्हणजे कोणाच्या गोठ्यातून किती फॉस्फेट निघू शकतं याला मर्यादा आली. तिथे भाव चढले तरी कळप मनासारखा वाढवता येत नाही.

ऑस्ट्रेलियाचं थोडक्यात: 2001-02 मधले 11 अब्ज लिटर आज साडेआठ अब्जांच्याही खाली आहेत, आणि ते परत येतील असं मला वाटत नाही.

अर्जेंटिनाची 2025 मधली वाढ तू पहिल्या पानावर ठळक अक्षरात घेतली आहेस. 2024 मध्ये तिथलं दूध सहा-सात टक्क्यांनी पडलं होतं. डिसेंबर 2023 मध्ये चलनाचं मोठं अवमूल्यन झालं आणि चारा-खाद्य महागलं. ती वाढ 2023 शी ताडून बघ आणि मगच ठळक ठेवायची की नाही ते ठरव.