उजवा पट

"डॉक्टर म्हणतात पाय बरा झाला, मग मला भीती का वाटते?" समुपदेशन करताना हा प्रश्न मी कबड्डीपटूंकडून ऐकला आहे, कराटे शिकणाऱ्या मुलींकडून ऐकला आहे, ज्यूदो खेळणाऱ्या एका पोलीस शिपायाकडूनही. घरच्यांचं उत्तर ठरलेलं असतं, "मन घट्ट कर." मला या प्रश्नाचं खरं उत्तर कोल्हापूरच्या एका पैलवानाबरोबर काम करताना सापडलं, म्हणून त्याच्याबद्दल लिहिते.

चोवीस वर्षांचा, तालमीतच वाढलेला. कुस्तीत उजव्या गुडघ्याचा एसीएल, म्हणजे गुडघा जागेवर धरून ठेवणारा आतला लिगामेंट, तुटला. मांडीच्या मागच्या स्नायूचा टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी, घेऊन नवा लिगामेंट बसवला, त्याला साडेदहा महिने झाले होते. रोज पहाटे तालमीत जायचा, लांग चढवायचा आणि हौद्याच्या, म्हणजे कुस्तीच्या मातीच्या खड्ड्याच्या, काठावरून परत यायचा. घरी सगळे विनेश फोगाटचं उदाहरण द्यायचे. 2016 ला रिओत तिचा गुडघा गेला आणि 2018 ला जाकार्तातल्या आशियाई स्पर्धेत तिने सुवर्ण आणलं, हे खरंच आहे. पण त्या दोन तारखांच्या मधल्या दिवसांबद्दल कुणी बोलत नाही. धीर द्यायला सांगितलेली गोष्ट त्याला रोज टोचत होती.

शेवटी वस्तादच त्याला घेऊन आले.

"पाय धरंल का न्हाई, तेवढंच डोक्यात फिरतंय बघा, मॅडम."

मी आधी तपासण्यांचे कागद मागितले. भीती कधी कधी बरोबर असते. बसवलेला टेंडन शरीरात मुरून पक्का व्हायला कित्येक महिने लागतात आणि दुखणं त्याच्या फार आधी थांबतं. म्हणून झटापटीच्या खेळात साधारण 9 महिन्यांआधी उतरू नये, आणि ऑपरेशन झालेल्या पायाची ताकद दुसऱ्या पायाच्या निदान 90 टक्के तरी भरावी, असं सांगतात. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी जणांनी ही चाचणीच केलेली नसते. त्यांना मी परत फिजिओथेरपिस्टकडे पाठवते. याच्या चाचण्या मात्र चोख होत्या.

तिसऱ्या भेटीला तो दारात चपला काढत होता. एका पायावर उभा राहून, वाकून, दुसऱ्या पायातली चप्पल ओढून काढली.

"आत्ता कुठल्या पायावर उभा होतास?"

तो थबकला. खाली बघितलं. "उजव्या."

"धरला का पायानं?"

बराच वेळ तो काही बोलला नाही. मीही बोलले नाही. त्या क्षणी घाईने समजावायला जायचं नाही, हे मी इतक्या वर्षांत शिकले आहे. मग तो खुर्चीत बसला आणि जमिनीकडे बघत म्हणाला, "गुडघ्याचं न्हाई ओ मॅडम. ज्याला मी डाव शिकवलं, त्या बारक्या पोरानं पाडलं तर? समदी म्हणतील, संपला ह्यो. आन् पैलवानाला भ्या वाटतंय म्हंजे संपलाच की."

माझी बैठक विवेकनिष्ठ विचारपद्धतीची आहे. माणसाला घटनेपेक्षा घटनेबद्दलचं त्याचं वाक्य जास्त छळतं, असं मी मानते. इथे एकावर एक अशा दोन भीती होत्या. पहिली पडण्याची. तिचं काही वाकडं नव्हतं, ती सरावाने उतरणारी होती. दुसरी, भीती वाटते याचीच. 'पैलवानाला भीती वाटताच कामा नये' या एका वाक्याने त्याला काठावर रोखून धरलं होतं. ते वाक्य कुणाचं, हे आम्ही शोधत बसलो नाही. ते खरं आहे का, एवढंच तपासलं. त्याने ते वस्तादांनाच विचारलं. वस्ताद म्हणाले, "मला दर मैदानाआधी रातभर झोप यायची न्हाई."

पुढचा रस्ता तिघांनी मिळून आखला. पहिला आठवडा फक्त हौदा उकरायचा. फावडं, लाल माती, ताक-हळद-तेलाचा वास. नंतर जोर, आणि फिजिओथेरपिस्टने सांगितल्या तेवढ्याच बैठका. मग ओळखीच्या जोडीदाराबरोबर संथ डाव. प्रत्येक टप्प्याला त्याने भीतीला दहापैकी गुण द्यायचे. शून्य होण्याची वाट बघायची नाही. चारवर आली की पुढचा टप्पा. तुमच्या घरात असं कुणी असेल, तर 'घाबरू नकोस' म्हणू नका. 'आज किती?' एवढंच विचारा. आणि तालमीतल्या पोरांना सांगा, जपून धरू नका, ठरलंय तेवढं खरं धरा. दया दाखवून सोडलेली पकड त्याला लगेच कळते.

शेवटचा टप्पा त्याने स्वतः सुचवला. त्याच बारक्या पोराला बोलावून म्हणायचं, माझा उजवा पट काढ, म्हणजे त्याच पायाला धरून मला पाड.

चार दिवसांनी फोन आला. मी विचारलं, "काढला का पट?"

"काढला. पाडलं मला." मग आवाज चढला. "पर मॅडम, त्येची पकड लई ढिली हाय ओ. हात कुठं घालावा त्येच कळत न्हाई पोराला. उद्या जरा लवकर बोलवलंय त्येला."