‘सहज भेटू, कॉफी घेऊ’ असं बोलावणं आलं तर

ताई, मी 26 वर्षांची, मूळची परभणीची. चार वर्षांपासून पुण्यात आहे. मार्केट यार्डातल्या एका घाऊक व्यापाऱ्याकडे अकाउंट्स बघते. टॅली, जीएसटीची रिटर्न्स, सगळं माझ्याकडेच. हातात 24 हजार येतात. मैत्रिणीच्या ओळखीतून लाकडी घाण्याचं तेल विकणाऱ्या एका छोट्या कंपनीच्या मालकांचा मेसेज आलाय : ‘शनिवारी 11 ला एफसी रोडला सहज भेटू, कॉफी घेऊ. सीव्ही-बिव्ही काही नको.’ मला या ‘सहज’चीच भीती वाटते. मागच्या वर्षी बाणेरला अशीच गेले होते. तासभर ट्रेकिंग, परभणीचा उन्हाळा आणि पुण्याचं ट्रॅफिक यावर बोललो. शेवटी ‘तुम्हाला काही विचारायचंय?’ म्हणाले, मी ‘नाही’ म्हटलं. दहा दिवसांनी कळवलं की दुसऱ्या कुणाला घेतलं. ती मुलाखत होती हे मला तेव्हा कळलं. आई म्हणते, विचारलं तेवढंच सांग. मी काय बोलू? कपडे कोणते घालू? बिल कुणी द्यायचं? सर म्हणू की नावाने हाक मारू? पगाराचं कधी काढू? शनिवार मला बरा पडतो, कारण 10 ते 20 तारखेत रजा मिळत नाही, रिटर्न्स असतात. गेल्या वर्षी आम्हाला माल देणाऱ्या दोन पार्ट्यांची बिलं टू-बीत (विक्रेत्यांनी भरलेल्या बिलांवरून जीएसटी पोर्टलवर दर महिन्याला येणारी यादी) दिसतच नव्हती, मागे लागून दुरुस्त करून घेतली, नाहीतर आमचं सव्वा लाखाचं क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, गेलं असतं.
– गोंधळलेली, कोथरूड

प्रिय गोंधळलेली,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं, आणि दुसऱ्यांदा वाचताना शेवटच्या वाक्यावर थांबले. अख्ख्या पत्रातली सगळ्यात मोलाची गोष्ट तू रजेच्या कारणात घालून टाकलीस! सव्वा लाख रुपये वाचवणारी मुलगी मला विचारते, मी काय बोलू. बाणेरला नेमकं हेच झालं असणार. ते सव्वा लाख तुझ्याबरोबर त्या टेबलावर आलेच नाहीत, कारण कुणी विचारलं नाही.

आईचं ‘विचारलं तेवढंच सांग’ चुकीचं नाही. आपल्यापैकी बहुतेकींना हेच शिकवलंय, आणि बँकेच्या किंवा सरकारी मुलाखतीत ते चालूनही जातं. तिथे समोर तीन-चार माणसं असतात, त्यांच्या हातात प्रश्नांचा कागद असतो, ते विचारत जातात आणि आपण सांगत जातो. कॉफीच्या टेबलावर तो कागदच नसतो. मालकाला मनातून सगळं जाणून घ्यायचं असतं, पण विचारायचं कसं हे त्यालाही नीट माहीत नसतं, म्हणून तो गावाबद्दल विचारतो. विचारलं तेवढंच सांगितलंस, तर तो परभणीच्या उन्हाळ्याची माहिती घेऊन घरी जातो.

मी 19 वर्षं कारखान्यांमध्ये मनुष्यबळ विभागात काढली, तेव्हा त्या बाजूच्या खुर्चीचीही मला चांगली माहिती आहे. एकदा स्टोअर्सच्या जागेसाठी दोघांना चहावर बोलावलं होतं. मुलगा क्रिकेटवर इतकं छान बोलला की आमची अर्धी दुपार मजेत गेली. मुलगी गप्प गप्प होती. मी मुलाला घेतलं. आठ महिन्यांत तो गेला, आणि मागे जुळत नसलेली स्टॉकची वही सोडून गेला. त्या मुलीला कामातलं काय येत होतं, हे मी तिला एकदाही विचारलं नव्हतं. ही चूक माझी होती आणि ती मला अजून टोचते. फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 1998 मध्ये 85 वर्षांचं संशोधन एकत्र करून निवडीच्या पद्धती ताडून पाहिल्या. ठरलेले प्रश्न सगळ्यांना सारखे विचारणाऱ्या मुलाखतीतून माणूस पुढे काम कसं करेल याचा जो अंदाज येतो, तो मोकळ्या गप्पांतून तितका येत नाही, असं त्यात दिसलं. म्हणून तुला सांगते, अशा भेटीतल्या नकारावरून स्वतःची किंमत ठरवू नकोस. आणि कामाची गोष्ट तिथे आपली आपण काढायची, एवढं पक्कं करून जा.

आता ती काढायची कशी? फुशारकी वाटेल ही भीती तुला असणार. त्यावर माझा उपाय असा की स्वतःबद्दल विशेषण एकही वापरायचं नाही, घडलं ते सांगायचं. ‘मी खूप मेहनती आहे’ हे वाक्य कुणीही म्हणतं. त्यापेक्षा हे बघ :

‘आमच्याकडे 14 तारखेला टू-बी आलं की मी ते आमच्या खरेदीच्या रजिस्टरशी ताडून बघते, कारण 20 तारखेला महिन्याचं थ्री-बी रिटर्न भरायचं असतं. एका महिन्यात दोन पार्ट्यांची बिलं दिसेनात. माल आलेला, पैसे दिलेले, पण आमच्या नावावर काही नाही. फोन केला तेव्हा कळलं की...’

पुढचं तुझं तू भर. त्यांनी तुमचा जीएसटी नंबर न घालता बिलं किरकोळ गिऱ्हाइकांच्या रकान्यात टाकली होती, की रिटर्नच भरलं नव्हतं? कुणाशी बोललीस, किती फोन केलेस, ते कधी वठणीवर आले? आदल्या आर्थिक वर्षातली बिलं असतील तर 30 नोव्हेंबरनंतर ते क्रेडिट हातचं जातं. तुला ती तारीख गाठायची होती का? तसं असेल तर तेही सांग. दोन मिनिटांच्या आत संपव. त्या पार्ट्यांची नावं मात्र घेऊ नकोस, आणि तुझ्या सध्याच्या शेटजींची उलाढाल तर अजिबात सांगू नकोस. अकाउंट्सवाली माणसं जुन्या मालकाचे आकडे नव्या मालकासमोर मांडतात, तेव्हा नवा मालक ऐकतो आवडीने, पण मनात म्हणतो, उद्या ही माझेही सांगेल. ‘तिथलं वातावरण कसं आहे’ या प्रश्नालाही याच कारणाने जपून उत्तर दे. ‘शिकायला भरपूर मिळालं, आता कामाचा आवाका वाढवायचाय’ एवढं पुरे. शेटजी चिडके आहेत, दिवाळीला बोनस दिला नाही, हे मैत्रिणीकडे बोल.

शनिवारच्या आधी एक काम कर. त्यांच्या तेलाची एक बाटली विकत आण. अर्धा लिटरची चालेल. ओट्यावर ठेव आणि लेबल शांतपणे वाच. ‘उत्पादक’ म्हणून त्यांचंच नाव आहे, की उत्पादक दुसरा आणि हे फक्त ‘विक्रेते’? 14 आकडी एफएसएसएआय नंबर, म्हणजे अन्नसुरक्षेच्या परवान्याचा नंबर, आहे का? माल कुठे भरला जातो? घाणा स्वतःचा असेल तर हिशोब एका तऱ्हेचा, दुसऱ्याच्या घाण्यावरून तेल काढून घेत असतील तर दुसऱ्या तऱ्हेचा, हे मी तुला काय सांगायचं. मग झाकण उघड, वास घे, त्यात फोडणी करून बघ. मालक समोर बसल्यावर ‘तुमचं शेंगदाण्याचं तेल मी वापरून पाहिलं’ हे वाक्य खरं असेल तर ते खरं वाटतं.

ती बाटली घेऊनच तुझे प्रश्न तयार कर. ‘काही विचारायचंय?’ला ‘नाही’ म्हणणं हा बाणेरचा सगळ्यात मोठा तोटा होता. माझ्या शेजारच्या सीएंना विचारून तुझ्यासाठी एक प्रश्न काढून ठेवलाय. खाद्यतेलावर जीएसटी 5 टक्के आणि प्लॅस्टिकच्या बाटलीवर 18 टक्के. म्हणजे बाटल्यांवर भरलेल्या कराचं क्रेडिट साचत जाऊ शकतं, आणि खाद्यतेलाच्या बाबतीत अशा साचलेल्या क्रेडिटचा परतावा 18 जुलै 2022 पासून बंद आहे. तू एवढंच विचार, ‘पॅकिंगवरचं क्रेडिट तुमच्याकडे साचतंय का? सध्या ते कोण बघतं?’ त्यांना उत्तर माहीत असेल तर बोलणं रंगेल. नसेल तर ते खुर्चीत पुढे सरकतील, आणि तिथून पुढची भेट कामाचीच होईल. दुसरा प्रश्न साधा ठेव : या जागेवर आधी कोण होतं आणि ते का गेलं? त्याच्या उत्तरावरून तुला त्यांची पारख होईल. ही भेट तुझ्यासाठीही आहे, हे विसरू नकोस.

कंपनी नोंदलेली असेल तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर स्थापनेची तारीख आणि संचालकांची नावं पाहायला मिळतात. दहा मिनिटांचं काम आहे, उरकून टाक.

बाकीचं भराभर सांगते. कपडे तू रोज ऑफिसला घालतेस तेच, इस्त्री केलेले. नवा ड्रेस त्या दिवशी पहिल्यांदा घालू नकोस, अर्धं लक्ष ओढणीकडे जातं. शनिवारी सकाळी एफसी रोडला टेबल मिळायची मारामार असते आणि गाडी लावायला त्याहून जास्त, तेव्हा वीस मिनिटं आधी पोच. सीव्ही नको म्हणाले तरी एक प्रत पिशवीत असू दे, मागितली तरच काढ. खायला विचारलं तर आपल्या रीतीप्रमाणे तीनदा ‘नको’ करत बसू नकोस, पहिल्यांदाच ‘हो, कॉफी चालेल’ म्हण. मिसळ मागवू नकोस, बोलता बोलता खाता येत नाही. बिल ज्यांनी बोलावलं ते देतील. तू एकदा पर्सकडे हात ने, ते ‘राहू दे’ म्हणाले की ‘थँक यू’ म्हणून विषय सोड.

सुरुवातीला ‘सर’ म्हण. ते ‘नावाने बोल’ म्हणाले तर नावाने बोल, पण ‘तुम्ही’ सोडू नकोस. भाषेचं तू लिहिलं नाहीस, पण परभणीहून आलेल्या कितीतरी मुलींची ती दुखरी जागा मला ठाऊक आहे. ते इंग्रजीत शिरले तर जमेल तेवढं बोल. टू-बीची गोष्ट मात्र मराठीतच सांग. ते काम तू मराठीत केलंयस, ते फोन मराठीत केलेस. तिथे तुझा आवाज आपोआप ठाम होईल.

एका प्रश्नाची तयारी मला नाइलाजाने करून घ्यावी लागतेय. गप्पांच्या ओघात ‘लग्नाचं काय?’ हे येऊ शकतं. टेबल-खुर्चीच्या मुलाखतीत विचारायला कचरणारी माणसं कॉफीवर बिनधास्त विचारतात. मला याचा मनापासून राग आहे. मुलाला असं विचारल्याचं मी क्वचितच पाहिलंय. तू चिडू नकोस, आणि खुलासेही देऊ नकोस. ‘त्यामुळे कामात खंड पडेल असं काही नाही’ म्हण आणि लगेच कामाचा प्रश्न विचार. त्यानंतरही ते तिथेच घुटमळत राहिले, तर ती माहिती तुझ्या उपयोगाची आहे. आणि ऐनवेळी जागा बदलून कुणाच्या फ्लॅटवर किंवा रात्री उशिरा यायला सांगितलं, तर सरळ नाही म्हणायचं. कारण द्यायची गरज नाही.

पगाराचं तू आधी काढू नकोस, पण ते विषय न काढताच उठायला लागले तर गप्पही राहू नकोस. ‘या कामासाठी तुम्ही काय ठरवलंय?’ असं विचार. तुला 32 हजार हवेत असं धरून चालू. ते 32 म्हणाले तर हातात किती, हे लगेच विचार. वीसपेक्षा कमी माणसांच्या कंपनीला भविष्यनिर्वाह निधी सक्तीचा नसतो, त्यामुळे तो आहे की नाही हे विचारल्याशिवाय कळणार नाही. महाराष्ट्रात बायकांना महिना 25 हजारांपर्यंतच्या पगारावर व्यवसाय कर लागत नाही. त्यापुढे महिन्याला 200 आणि फेब्रुवारीत 300, म्हणजे वर्षाला 2,500 कापले जातील. रक्कम लहान आहे, पण हिशोब ठेवणाऱ्या मुलीने स्वतःच्या पगारात चकित होऊ नये. आणि टेबलावर ‘सोमवारपासून ये’ म्हणाले, तरी लेखी पत्र हातात पडेपर्यंत मार्केट यार्डात राजीनाम्याचा शब्द काढू नकोस.

त्याच संध्याकाळी त्यांना एक छोटा मेसेज पाठव. असा काहीसा : ‘आज वेळ दिल्याबद्दल आभार. बाटल्यांवरच्या क्रेडिटबद्दल आपण बोललो, त्यावर मला काम करायला आवडेल. पुढे काय ठरतंय ते कळवाल का?’ बाणेरच्या वेळी तू दहा दिवस वाट बघत बसलीस. या वेळी आठवडा झाला की एकदा फोन कर.

बाटली शुक्रवारच्या आत आण. आणि आईला सव्वा लाखाची गोष्ट सांगितली आहेस का? नसशील तर आज रात्रीच सांग, पूर्ण, पहिल्या फोनपासून. शनिवारसाठी तेवढाच सराव होईल.

– ताई