टेस्टचा रिपोर्ट नॉर्मल आला, मग बाबांच्या हातात पुन्हा दुकान द्यावं का?

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: वडील स्कूटरवरून पडले, डोक्याला मार लागला, काही महिन्यांनी न्यूरोसायकोलॉजिकल टेस्टिंग (स्मरणशक्ती, लक्ष, विचार करणं यांच्या चाचण्या) झालं आणि जवळपास सगळे आकडे नॉर्मल आले. पण घरी दूध उतू जातं, व्यापाऱ्याचं एकच बिल दोनदा भरलं जातं. मग विश्वास कशावर ठेवायचा, रिपोर्टवर की डोळ्यांवर?

दोन्हींवर. मी पुण्यात याच टेस्ट घेते, त्यामुळे त्यांची बाजू घ्यायला हवी खरं तर. पण त्या खोलीत काय चालतं ते बघा. दार बंद, फोन बंद. मी सांगते, ही पेन्सिल, हा कागद, एकपासून अ, अपासून दोन, दोनपासून ब अशी रेघ ओढत चला, चुकलात तर मी थांबवीन, करा सुरू. ते झालं की पुढचा कागद मीच सरकवते. कधी सुरू करायचं, कधी थांबायचं, आत्ता महत्त्वाचं काय, हे सगळं माझ्याकडे. दुकानात ते ठरवायला कुणी नसतं. गिऱ्हाईक उधारी मागतंय, दारात टेम्पोवाला हॉर्न वाजवतोय, आणि बारापर्यंत बँकेत जायचंय हे आपलं आपणच आठवायचं.

टेस्ट आणि रोजचं जगणं यांचा संबंध संशोधनात बहुधा 'मध्यम' निघतो. २००३ मध्ये चेटर आणि श्मिटर-एजकॉम्ब या संशोधकांनी तोवरच्या अभ्यासांचा आढावा घेतला, त्याचाही सूर हाच. सहसंबंध, म्हणजे दोन गोष्टी एकमेकींशी किती जुळतात याचा आकडा (शून्य म्हणजे काहीच नाही, एक म्हणजे तंतोतंत), ०.४ धरला तर त्याचा वर्ग ०.१६. म्हणजे माणसामाणसांतल्या फरकापैकी सोळा टक्क्यांचा हिशोब टेस्टने लागतो, उरलेला नाही.

मेंदूच्या पुढच्या भागाला इजा असेल तर ही फट फार रुंदावते. एस्लिंगर आणि दामासिओ या मेंदूच्या अभ्यासकांनी १९८५ मध्ये ई.व्ही.आर. या रुग्णाची हकीकत छापली. हिशोबखात्यात वरच्या जागेवरचा माणूस, मेंदूतली गाठ काढली, नंतरही बुद्ध्यंक उत्तम. आणि तरी नोकरी गेली, दिवाळं निघालं, संसार मोडला. कुठल्या हॉटेलात जेवायचं हे ठरवायला त्याला तासन्‌तास लागायचे. पुढे १९९१ मध्ये शॅलिस आणि बर्जेस या संशोधकांनी असे तीन रुग्ण थेट बाजारात नेले, हातात कामांची यादी आणि काही नियम देऊन. खोलीत न दिसलेला गोंधळ रस्त्यावर दिसला.

हाच प्रकार आम्ही मंडईत करतो. पाव किलो मटार, एक नारळ, अकराला मला मिस्ड कॉल, शंभरच्या वर खर्च नाही, एका गाळ्यावर दोनदा जायचं नाही. मी दहा पावलं मागे. खोलीत झकास मार्क मिळवलेले एक काका मटारवाल्याशी घासाघीस करण्यात असे रमले की अकरा कधीच वाजून गेले, चिठ्ठी खिशातच. मजा म्हणजे विचारल्यावर यादी नियमांसकट घडाघडा म्हणून दाखवली! स्मरणशक्तीची टेस्ट हे कसं पकडणार?

उलटही होतं. चौथी शिकलेल्या आजींना घड्याळाचं चित्र काही केल्या जमत नाही, पण भिशीचा हिशोब तोंडावर असतो. स्मरणशक्ती, लक्ष, भाषा झटपट तपासणारी ३० गुणांची एमएमएसई ही चाचणी हरियाणात बल्लभगढच्या खेड्यांत वापरायची ठरली तेव्हा संशोधकांनी म्हणूनच ती बदलून घेतली. वाचून डोळे मिटा, याऐवजी माझ्याकडे बघा आणि मी करतो तसं करा. शिवाय रोजच्या कामांबद्दल घरच्यांना विचारायची वेगळी प्रश्नावलीही केली.

म्हणून रिपोर्ट बाद समजू नका. कुठली बाजू शाबूत आहे हे त्यातून चांगलं कळतं आणि सहा-आठ महिन्यांनी तुलनेलाही तो लागेल. फक्त 'नॉर्मल' म्हणजे त्या वयाच्या, तेवढ्या शिकलेल्या लोकांइतकं. बाबा आधी होते तितकं, असं नव्हे. मूळचा तल्लख माणूस बराच घसरूनही त्या रेषेच्या आत राहतो.

पंधरा दिवस एक वही ठेवा. पैसे, औषधं, गॅस, फोन, ठरलेल्या वेळा यांत नेमकं काय झालं, आणि चूक त्यांच्या स्वतःच्या लक्षात आली की तुम्ही सांगितल्यावर, एवढंच लिहा. मला विचाराल तर हा शेवटचा रकाना सगळ्यात मोलाचा. पुढच्या भेटीत सायकॉलॉजिस्टशी बाबांच्या माघारी पाच मिनिटं बोला, कारण अशा इजेत 'मला काही होत नाही' हे माणूस अगदी मनापासून सांगतो. आणि प्रश्न मोघम नको. 'बरे आहेत का' याऐवजी 'दुपारी दोन तास एकटे गल्ल्यावर बसू शकतील का' असं विचारा.

सुरुवात त्या दोन तासांपासूनच करा, तुम्ही दुकानात पण काउंटरपासून लांब. स्कूटरचं मात्र या रिपोर्टवरून ठरवू नका, ते न्यूरोलॉजिस्टना वेगळं विचारा. आणि व्यापाऱ्यांची बिलं तूर्त दोघांनी बघितल्याशिवाय भरायची नाहीत, असं घरात ठरवून टाका.