नानांना विचारा : व्हॉल्व्ह नवा, तरी सूंऽ का?

प्रश्न : नाना, नमस्कार. मी लग्नाच्या बँडमध्ये गिटार वाजवतो. घरी सरावासाठी मुंबईहून जुना व्हॉल्व्ह अँप आणला आहे, १५ वॅटचा. त्यात दोन १२एएक्स७ आणि दोन ईएल८४ असे चार व्हॉल्व्ह, म्हणजे काचेच्या नळ्या, आहेत. चालू केल्यावर पंधरा-वीस मिनिटं छान वाजतो. मग पत्र्यावर पाऊस पडावा तसा सूंऽ सुरू होतो आणि मधूनमधून चुटचुट फुटते. व्हॉल्यूम शून्यावर आणला तरी जात नाही. पहिला व्हॉल्व्ह नवा टाकला, फरक नाही. आता उरलेले तीनही बदलू का? की हा आमच्याकडच्या मे महिन्याच्या उन्हाचा परिणाम आहे? – एक वाचक, नंदुरबार

उत्तर : भाऊ, व्हॉल्व्ह आणायला निघाला असाल तर थांबा. तुमच्या पत्रातच निम्मं निदान आहे. पंधरा-वीस मिनिटं शांत, मग आवाज, आणि व्हॉल्यूम शून्यावर असला तरी आवाज. या दोन गोष्टी तुम्ही नीट पाहून लिहिल्यात, म्हणून मलाही नेमकं सांगता येतं.

आधी उन्हाचं बोलू. प्रत्येक रेझिस्टन्समध्ये, म्हणजे वीज अडवणाऱ्या भागात, उष्णतेमुळे इलेक्ट्रॉनची चुळबुळ चालू असते आणि तीच सूंऽ होऊन ऐकू येते. जॉन्सन यांनी हे मोजलं आणि नाइक्विस्ट यांनी त्याचं गणित मांडलं, दोन्ही १९२८ साली छापून आलं. हा आवाज तापमानाच्या वर्गमुळाने वाढतो, पण ते तापमान निरपेक्ष शून्यापासून, म्हणजे उणे २७३ अंशांपासून, मोजायचं असतं. म्हणजे २० अंशांची खोली ४५ अंशांवर गेली तरी वाढ होते जेमतेम चार टक्के. ती कोणाच्याच कानाला कळणार नाही. तेव्हा ऊन सूंऽ तयार करत नाही. आजारी पडलेला भाग मात्र उन्हात लवकर उघडा पडतो.

आता कुठे शोधायचं ते पाहू. १२एएक्स७च्या एका काचेत दोन व्हॉल्व्ह असतात. अशा लहान अँपमध्ये पहिल्या काचेचा पहिला अर्धा भाग गिटारचा सिग्नल घेतो, मग व्हॉल्यूमचा पॉट (बटणाखालचा फिरता भाग), मग त्याच काचेचा दुसरा अर्धा भाग, अशी रांग बहुधा असते. पॉट शून्यावर असताना त्याच्या आधीचं सगळं बंद होतं. तरी आवाज येतोय, म्हणजे तो पॉटच्या पुढे तयार होतोय. अँप बंद करा, गार होऊ द्या, पहिला व्हॉल्व्ह काढून ठेवा आणि पुन्हा चालू करा. अर्धा तास तसाच तापू द्या. स्पीकर मात्र जोडलेलाच हवा, नाहीतर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाईल. आवाज थांबला तर दोष पहिल्या व्हॉल्व्हच्या बेसपाशी आहे. चालूच राहिला तर पुढच्या १२एएक्स७पासून शोध सुरू करा.

माझा अंदाज : आवाज थांबेल. आणि काच तर तुम्ही नवीच टाकली आहे. मग उरतो काचेच्या बुडाशी बसलेला १०० किलो ओहमचा प्लेट रेझिस्टन्स, म्हणजे व्हॉल्व्हच्या आतल्या पत्र्याला (प्लेटला) वीज पोचवणारा रेझिस्टन्स. जुन्या अँपमध्ये तो कार्बनचा, जाडसर, तपकिरी-काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचा असतो. त्याच्यावर सतत शंभरएक व्होल्ट पडतात. वर्षानुवर्षं तापला, दमट हवा खाल्ली, की आतली कार्बनची भुकटी नीट चिकटून राहत नाही आणि गरम झाल्यावर कुरकुरायला लागते. तुमची चुटचुट तीच आहे असं मला वाटतं.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. भुसावळला वडिलांच्या रेडिओच्या टेबलावर मी हात बसवला. यावल तालुक्यातल्या एका भजनी मंडळाचा व्हॉल्व्ह अँप माझ्याकडे आला होता, असाच सूंऽ करत. मी सगळे व्हॉल्व्ह बदलले, पाच मिनिटं ऐकून पाहिलं आणि पैसे घेतले. एकादशीच्या कीर्तनात अर्ध्या तासाने बुवांच्या आवाजावर तोच पाऊस. मंडळातल्या म्हाताऱ्या बाबांनी दारात येऊन एवढंच विचारलं, “काय व्हयनं, भाऊ?” त्या रात्री अँप तास-दीड तास तापवला, तेव्हा दोष सापडला. एक रेझिस्टन्स. व्हॉल्व्हचे पैसे मी परत केले. तेव्हापासून माझ्या टेबलावरून कोणताही अँप तासभर तापल्याशिवाय जात नाही.

रेझिस्टन्स बदलताना मेटल फिल्मचा घ्या, १ वॅटचा. पाव वॅटचा लहान मिळतो, पण त्याची व्होल्ट सोसायची ताकद कमी असते. पहिल्या व्हॉल्व्हच्या दोन्ही प्लेटचे एकदमच बदला.

पण हे काम चासी, म्हणजे अँपची धातूची पेटी, उघडून करायचं आहे. आत तीनशे व्होल्टच्या वर दाब असतो. प्लग काढल्यानंतरही वीज साठवणाऱ्या मोठ्या कंडेन्सरमध्ये तो टिकून राहतो आणि जीव घेऊ शकतो. १० किलो ओहम, ५ वॅटचा रेझिस्टन्स इन्सुलेटेड क्लिपने कंडेन्सरला लावून तो रिकामा करा, मीटरवर दहा व्होल्टच्या खाली आकडा आल्याशिवाय हात घालू नका. हे कधी केलं नसेल तर जाणत्या मेस्त्रीकडे न्या आणि हे उत्तर दाखवा. चालू अँपमध्ये भाग ठोकून बघायचा मोह झाला तर तेही मेस्त्रीलाच करू द्या, तेही सुक्या लाकडी काडीने. पेन्सिल नकोच, तिच्या शिशातून वीज वाहते.

एक गोष्ट राहिली. काढून ठेवलेला जुना व्हॉल्व्ह फेकू नका. पहिल्या जागेवरचा बारीकसा आवाजही पुढचे सगळे टप्पे फुगवतात, म्हणून तिथे सगळ्यात शांत काच हवी. थोडी सूंऽ करणारी काच दुसऱ्या जागेवर वर्षानुवर्षं चालते. बोटाने टिचकी मारल्यावर स्पीकरमधून घंटेसारखा ठण्ण आवाज आला, तर मात्र ती काच बाजूला ठेवा. आणि सगळं दुरुस्त झाल्यावरही गेन (सिग्नल फुगवायचं बटण) पूर्ण चढवला की हलका सूंऽ राहीलच. तो या यंत्राचा श्वास आहे, त्याच्या मागे लागू नका.

प्रश्न : लाइट गेली की इन्व्हर्टरवर माइकचा अँप लावतो. तेव्हा घर्रऽ असा आवाज येतो. लाइटवर काहीच नाही. अँप बिघडला का? – एक वाचक, चोपडा

उत्तर : अँप चांगला आहे. तुमचा इन्व्हर्टर चौकोनी लाटेचा असावा. घरच्या लाइटची लाट गोलसर, ५० हर्ट्झची असते. चौकोनी लाटेत त्याबरोबर १५०, २५०, ३५० हर्ट्झ असे वरचे सूर घुसतात आणि ते कानाला घर्रऽ वाटतात. साइन वेव्ह इन्व्हर्टरवर हा आवाज बहुधा जाईल. तोवर माइकची वायर इन्व्हर्टरपासून लांब ठेवा. आणि आवाज घालवायला कोणी प्लगची अर्थिंगची जाड पिन काढून टाकायला सांगितलं, तर अजिबात ऐकू नका. माइक ओठांना लागतो तेव्हा तीच पिन तुम्हाला वाचवते.